खरं

आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'.
पुण्याच्या व्याह्याला हे अजून उमगलेलं नाही.
बोट चांगली आहे, खरं,
एवढं म्हटलं की तो मान डोलावतो
नि माझं पुढचं वाक्य तोंडातच राहतं.

काकतीच्या पुढं, हायवेला लागून,
टायरवाल्याच्या शेडमागं उभी होती.
एकोणीस फूट. ट्रेलरवर. कारवारहून अणशीचा घाट चढून आलेली.
पांढरी, म्हणजे एकेकाळी.
नाव खरवडून काढलेलं; उन्हात तिरपं बघितलं
तर शेवटचा काना तेवढा दिसायचा.

कायतान रिबेलो किंमत सांगताना लांब बघायचा,
जसं काही टोलनाक्यापलीकडं समुद्र आहे.
'साडेचार लाख. ट्रेलर धरून.'

बसलिंगनं इंजिनाखालचा स्क्रू सैल केला,
तेल बोटावर घेतलं, उजेडाला धरलं.
चहाचा रंग असता तर पाणी शिरलं समजायचं.
काळंच होतं.
'छलो ऐती,' म्हणाला, नि लगेच,
'खरं, पंख्याचं एक पातं वाकलंय.'
त्यालाही आमचा शब्द लागलाय.

मी मागच्या फळीवर रुपया वाजवत गेलो.
टण, टण, टण,
मग एका जागी थप.
पुन्हा वाजवला. थप.
वीतभर लाकूड आत कुजलेलं.
कायतान चप्पल बघत होता.

पोहता मला येत नाही.
तीस वर्षं उद्यमबागेत लेथवर शाफ्ट काढले,
पाण्यातलं मला काय कळतंय?
म्हणून ट्रेलरखाली आडवा झालो.
जॅक लावला, चाक हातानं फिरवलं, कान दिला.
डावं गप्प.
उजव्यात कुणीतरी दाताखाली खडीसाखर फोडत होतं.
मीठ.
एका दुपारचं काम, घरीच करीन.
हिडकल तासाभरावर. दिवस मोजले
तर ही पाण्यावर कमी, रस्त्यावर नि दारात जास्त राहणार.
मग आधी चाकं बघायची नव्हं?

केबिनच्या फळीवर पेन्सिलीनं कुणी वेळा लिहिल्यात.
भरती, ओहोटी, भरती, सहा चाळीस, एक पाच.
आमच्या धरणाला वर्षाची एकच भरती, श्रावणात,
नि एकच ओहोटी, जी मे संपला तरी संपत नाही.

शेवंता 'बघते तरी' म्हणून वाकून आत गेली होती.
चहाचा स्टोव्ह कुठं ठेवायचा, एवढंच तिनं विचारलं
नि दार ओढून घेतलं.

शहापुरात आमच्या दोन खोल्या, माणसं आठ.
दाराला कडी आहे.
लावल्याचं आठवत नाही.

वीस मिनिटं झाली.
कायतान घड्याळाकडं, मी कायतानकडं.
शेवटी वाटीएवढ्या खिडकीतून डोकावलो:
फाटक्या फोमच्या गादीवर, हात उशाला घेऊन
झोपलेली.
चपला दाराशी जोडून ठेवलेल्या, घर असल्यासारख्या.
हायवेवर दहाचाकी ट्रकनं केवढा हॉर्न दिला;
तिची बोटंसुद्धा हलली नाहीत.

बसलिंग म्हणाला, 'घाई नको.
निप्पाणीत तंबाखूच्या वखारीत एक आहे.
इंजिन नवं. वरनं सगळी उघडी, हवेशीर.'
'उघडी?'
'पूर्ण.'
मी परत त्या खिडकीकडं बघितलं.

कायतानला बाजूला घेतलं. हळू आवाजात बोललो,
तोही हळूच बोलला.
कुजकी फळी, वाकडं पातं, उजवं चाक,
एकेक करून तीन नव्वदवर आणलं.
दोघांनाही मोठ्यानं भांडायचं होतं,
खरं जमलं नाही.

रात्री व्याह्याला फोन लावला.
'बोट घेतली,' म्हटलं, 'खरं...'
'खरं?' तो ओरडला. 'अभिनंदन!'

मी रॉकेलच्या डब्यात जुनं बेअरिंग फिरवत होतो.
अजून कुरकुरत होतं.